रेसच्या वीकेंडला नवी स्पोर्ट्स कार जवळून बघायची, तर नजर कुठे ठेवायची?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. तू सोलापुरात ऑटोमोबाईल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, मित्रांबरोबर चेन्नईला रेस बघायला निघालायस. तिथे एक मालक आपली नवी पोर्शे ९११ जीटी३ आणणार आहे. ती पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागे टीम आपल्या गाड्या ठेवतात त्या आवारात, उभी असेल आणि रेसच्या मधल्या वेळात ट्रॅकवरही फिरेल, असं तुला कळलंय. मागे पुण्यात एका शोरूममध्ये अशी गाडी बघितलीस, फोटो काढलेस, आणि घरी आल्यावर वडिलांनी विचारलं तर सांगायला काही नव्हतं. या वेळी तसं व्हायला नको. म्हणून तू विचारतोयस की नेमकं काय बघायचं, आणि मुळात जवळ जाऊ देतात का.

माझं अक्कलकोट रोडला ब्रेक आणि सस्पेन्शनच्या कामाचं गॅरेज आहे. सीझनला एका टीमबरोबर मेकॅनिक म्हणून कोइमतूर आणि चेन्नईच्या ट्रॅकवर जातो. त्या कामाच्या अनुभवावरून सांगतो.

शोरूममध्ये तुला काही सापडलं नाही, कारण तिथे सापडण्यासारखं फार थोडं असतं. गाडी थंड, पुसलेली, टायरला काळं पॉलिश मारलेलं. ती अजून काही करून आलेलीच नसते. रेसच्या वीकेंडला मात्र तीच गाडी दोनदा बघायला मिळते: एकदा सकाळी थंड असताना आणि एकदा ट्रॅकवरून तापून आल्यावर. या दोन वेळांत काय बदललं ते टिपायचं, एवढंच काम तू नीट केलंस तरी प्रवासाचा खर्च वसूल झाला असं समज.

आधी जवळ जाण्याचं बोलू. हे आयोजकांवर, तुझ्या तिकिटावर आणि त्या दिवसाच्या कार्यक्रमावर अवलंबून आहे. स्टँडच्या साध्या तिकिटावर सहसा पॅडॉकमध्ये सोडत नाहीत, त्यासाठी वेगळा पास लागतो. काही वेळा जेवणाच्या सुट्टीत पिट लेन (ट्रॅकलगतची, गाड्या थांबवून काम करायची गल्ली) लोकांसाठी थोडा वेळ उघडतात. म्हणून तिकीट काढतानाच विचारून घे. दिवसाचं म्हणशील तर मी शनिवारच्या बाजूने आहे. रविवारी गर्दी असते, टीम घाईत असतात, मालकाभोवती पाहुणे असतात. शुक्रवार-शनिवारी सराव आणि क्वालिफाइंग (रेसच्या सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या फेऱ्या) चालतं, लोक जरा मोकळे असतात, आणि गाडी फिरून येण्याची शक्यता जास्त असते.

पायात बंद बूट घाल, चपला घालून आलेल्याला पिटमध्ये सहसा सोडत नाहीत. जॅकवर उचललेल्या गाडीच्या आसपास जायचं नाही. इंधन भरत असतील तर लांब राहायचं. गाडीला हात लावायचाच नाही, मालक हो म्हणाला तरी चाकाला आणि ब्रेकला नाही. रेस किंवा क्वालिफाइंग संपल्यावर स्पर्धेच्या गाड्या पार्क फर्मे नावाच्या राखीव जागेत बंद करतात. तिथे टीमच्या माणसांनाही गाडीला हात लावता येत नाही, त्यामुळे तुला कुणी बाहेर काढलं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

आता गाडीकडे वळू. सगळे लोक पुढच्या लाइटसमोर उभे राहून फोटो काढत असतील, तेव्हा तू बाजूला जा, गुडघ्यावर बस आणि खालून वर बघायला सुरुवात कर. गाडी रस्त्याला फक्त चार ठिकाणी चिकटते आणि तिची सगळी ताकद तिथूनच जाते. म्हणून पहिला नंबर टायरचा.

जीटी३ला पुढे २५५ रुंदीचे २० इंची आणि मागे ३१५ रुंदीचे २१ इंची टायर असतात. मागचे इतके रुंद कशाला? कारण या गाडीचं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवलेलं आहे, वजन मागे जास्त आहे आणि ओढही मागच्याच चाकांना आहे. हे वाचून तुला माहीत असेलच, पण खाली बसून पुढच्या-मागच्या टायरच्या रुंदीतला फरक डोळ्यांनी बघितलास की ते डोक्यात पक्कं बसतं. टायरच्या कडेला चार आकड्यांचा शिक्का शोध. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२२४ असेल तर टायर २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. गाडी नवी असली तरी टायर कधीचा आहे हे बघायची सवय लावून घे, ती पुढे रोजच्या कामात उपयोगी पडते.

मग गाडी ट्रॅकवरून आल्यावर त्याच टायरकडे परत ये. सकाळी गुळगुळीत दिसणाऱ्या रबरावर आता खरखरीत पट्टे असतील, कडांना रबराचे वळलेले गोळे चिकटलेले असतील. घासल्याच्या खुणा टायरच्या कडेवर किती खाली उतरल्या आहेत ते बघ. फार खाली गेल्या असतील तर वळणावर टायर कडेवर लोळतोय, म्हणजे हवा कमी आहे किंवा कॅम्बर (चाकाचा आतल्या बाजूचा झुकाव) कमी पडतोय. आपल्याकडे गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, टायर आतून खातोय. आपण अलाइनमेंट बघतो. ट्रॅकवर तीच तपासणी काही मिनिटांत करतात. मेकॅनिक सुईचा थर्मामीटर घेऊन टायरची आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड अशा तीन जागी टोचतो आणि कागदावर लिहितो. बाहेरची कड जास्त तापली तर चाक आत झुकवायला अजून वाव आहे. मधला भाग जास्त तापला तर हवा जास्त झाली. कडा तापून मधला थंड राहिला तर हवा कमी. हे करताना तो माणूस दिसला तर बाकी सगळं सोड आणि त्याच्याकडे बघत राहा. पंधरा फोटोंपेक्षा ते तीन आकडे मोलाचे आहेत.

हवेचंही त्यातच आलं. तापमान १० अंशांनी वाढलं की साध्या टायरची हवा साधारण दीड पीएसआयने वाढते. ट्रॅकवर टायर थंड असतानाच्या मानाने पन्नास-साठ अंश जास्त तापतो, म्हणून तिथे हवा मुद्दाम कमी ठेवून सुरुवात करतात आणि तापल्यावर हव्या त्या आकड्याला आणतात. हे बघून कुणी हमरस्त्यावर हवा कमी ठेवायला लागला तर मात्र जिवावर बेतेल. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना कमी हवेने पुणे रोडला गाडी ताणली की टायरची कड वाकून वाकून तापते आणि फुटते. ट्रॅकवरचा माणूस दर थोड्या फेऱ्यांनी आत येऊन हवा मोजतो, हमरस्त्यावर कुणी मोजत नाही.

टायरनंतर ब्रेक. चाकाच्या आऱ्यांमधून आत बघ, मोबाईलची बॅटरी लाव. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) लाल असतील तर डिस्क लोखंडी, पिवळे असतील तर सिरॅमिक, पोर्शेची ही जुनी खूण आहे. जीटी३ची पुढची लोखंडी डिस्क ४०८ मिलिमीटरची असते, सिरॅमिक ४१० ची. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांचं अख्खं रिम याहून लहान असतं. सिरॅमिक डिस्क लोखंडीच्या निम्म्या वजनाची असते. हे वजन स्प्रिंगच्या खाली, थेट चाकावर असतं. ते जितकं कमी, तितकं चाक खड्ड्या-उंचवट्यावरून झटकन वर-खाली होतं आणि रस्ता सोडत नाही. लोक ब्रेकबद्दल बोलताना गाडी किती लवकर थांबते तेवढंच बोलतात, ही बाजू सुटते.

एवढी मोठी डिस्क कशासाठी, याचा हिशोब करून बघ, तुमच्या पहिल्या वर्षाच्या फिजिक्सचाच आहे. गाडी १४०० किलोच्या वर, चालकासकट १५०० धर. ट्रॅकच्या सरळ पट्ट्याच्या, म्हणजे सरळीच्या, शेवटी ताशी २०० किलोमीटरच्या वेगावरून ती ८० वर आणायची. जाणारी ऊर्जा होते सुमारे १९ लाख ज्यूल. सहा लिटरच्या वर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला एवढी उष्णता लागते, आणि इथे ती तीनेक सेकंदांत तयार होते. थोडा भाग हवेचा विरोध घेतो, बाकी सगळी ब्रेकमध्ये. पुढच्या वळणाला परत तेच. त्यामुळे स्पोर्ट्स कारच्या ब्रेकचं खरं काम उष्णता साठवणं आणि हवेत सोडणं हे आहे. डिस्कच्या आत हवेसाठी पोकळ्या का, पुढून चाकाकडे हवेची वाट का काढलीय, चाकाचे आरे इतके उघडे का, या सगळ्याचं उत्तर तिथेच आहे.

गाडी परत आल्यावर, दोन पावलं लांबूनच, डिस्कच्या भोकांजवळ बघ. लोखंडी डिस्क असेल तर भोकांपासून केसासारख्या बारीक भेगा निघतात का, पृष्ठभागावर निळसर झाक आलीय का, दोन्ही बाजूंच्या डिस्क सारख्याच दिसतात का. एक निळी आणि एक स्वच्छ असेल तर तो मेकॅनिक त्या दिवशी जेवायला उशिरा जाणार. अजून एक गोष्ट लक्षात ठेव: जाणते लोक तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावत नाहीत, चाकाला ठोकळा लावतात. तापलेलं पॅड डिस्कवर दाबून धरलं तर त्या जागी पॅडचा थर बसतो आणि पुढच्या वेळी पेडलला हादरे येतात. त्याच कारणाने चालक शेवटची फेरी ब्रेक कमीत कमी वापरून हळू मारतो.

ब्रेक ऑइल कधी बदललं, हेही विचार. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि ओलावा शिरला की तोच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली बसतं. महाबळेश्वरचा घाट सतत ब्रेकवर उतरून आलेल्या गाड्यांची हीच तक्रार असते. ट्रॅकवरचे लोक म्हणूनच ऑइल वारंवार बदलतात. आपल्या गावात चार-चार वर्षं न बदललेलं ऑइल मी रोज काढतो, काळ्या चहासारखं झालेलं, आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते.

सस्पेन्शन उभ्या गाडीत अर्धवटच दिसतं, पण पुढचं चाक वळवून ठेवलेलं असेल तर आत डोकाव. तू कॉलेजमध्ये ज्या गाड्या उघडल्यास, त्यात बहुतेक पुढे खाली एक लोअर आर्म (चाक धरून ठेवणारी आडवी दांडी) आणि वर शॉकॲब्सॉर्बरचा खांब एवढंच असतं. ९११ मध्येही वर्षानुवर्षं तसंच होतं. २०२१ च्या जीटी३मध्ये पोर्शेने पहिल्यांदा रस्त्यावरच्या ९११ ला पुढे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म दिले. वळणावर गाडी कलते तेव्हा खांबाच्या रचनेत चाकही तिच्याबरोबर बाहेर झुकतं आणि टायर कडेवर येतो. दोन आर्म असले की चाक जमिनीवर सपाट ठेवता येतं, आणि खांबावर आडवा जोर येत नाही. आता परत पुढच्या टायरच्या खुणांकडे बघ. कड आणि मधला भाग सारखा घासलाय का? असेल तर हे आर्म आपलं काम करतायत, याचा पुरावा तुझ्या समोर आहे.

एवढं झाल्यावर उभा राहा आणि हवेचा माग घे. प्रत्येक फटीला दोन प्रश्न विचार: इथून हवा आत जाते की बाहेर येते? आत गेली असेल तर बाहेर कुठे निघते? पुढच्या बंपरमधून रेडिएटरकडे हवा शिरते, आणि जीटी३च्या पुढच्या झाकणावर दोन मोठी भोकं आहेत, त्यातून ती वर निघते. ती तशीच गाडीखाली गेली असती तर गाडीचं नाक वर उचललं गेलं असतं. मागचा पंख वरून, हंसाच्या मानेसारख्या वाकलेल्या दोन खांबांना लटकवलाय. पंखाच्या कामाचा मोठा वाटा त्याच्या खालच्या बाजूचा असतो. खांब खाली लावले की नेमकी तिथलीच हवा बिघडते. रेसच्या ९११ आरएसआरवर हे आधी आलं आणि तिथून जीटी३वर. पंखाचा कोन हाताने बदलता येतो. तो कुठल्या भोकात लावलाय ते सकाळी बघून ठेव, संध्याकाळी बदललेला दिसला तर का बदलला ते विचार. जी फट मागून बंद आहे, फक्त जाळी चिकटवलीय, ती सजावट. अशा सजावटी महागड्या गाड्यांवरही असतात. त्या ओळखता येणं हे तुझ्या शिक्षणाचाच भाग आहे.

इंजिन बघायला मिळेल अशी आशा धरू नकोस. मागचं झाकण उघडलं तरी फारसं दिसत नाही. ते ऐकायचं आहे. चार लिटरचं, सहा सिलिंडर आडवे झोपवलेले, टर्बो नाही, आणि ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं. मिनिटाला ९००० म्हणजे सेकंदाला १५० फेरे, फेऱ्यामागे तीन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला ४५० वेळा. आपल्या चार सिलिंडरच्या गाडीचं इंजिन ६००० ला नेलं तर सेकंदाला २०० होतात. आवाजाची जी चढती रेघ ऐकू येते ती हीच. त्यासाठी पॅडॉक सोडून लांब सरळीच्या शेवटी जाऊन उभा राहा. मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७१७ किलोमीटरचं आहे, चालत फिरून जागा शोधता येते. तिथे ब्रेक लागताना नाक किती खाली बसतं, आणि वळणातून निघताना चालक पेट्रोल किती लवकर देतो, ते बघ. मागे इंजिन असल्याचा फायदा वळणातून निघताना सगळ्यात स्पष्ट दिसतो: दुसऱ्या गाड्यांची मागची चाकं घसरायला बघतात तेव्हा ही जमिनीला धरून निघून जाते.

त्याच पॅडॉकमध्ये फॉर्म्युला एलजीबी (उघड्या चाकांच्या, एकाच माणसाच्या छोट्या रेस गाड्या) आणि टूरिंग कार (रोजच्या गाड्यांपासून बनवलेल्या रेस गाड्या) वर्गातल्या गाड्याही उभ्या असतील. पोर्शेच्या नादात त्यांना ओलांडून जाऊ नकोस. तुला काम शिकायचं असेल तर उघडं सस्पेन्शन, बाहेर दिसणारे आर्म, हाताने बदललेला कॅम्बर हे सगळं तिथे झाकणाशिवाय दिसतं. नोकरीही आधी तिथेच मिळेल.

माणसांशी बोलायची वेळ निवड. गाडी बाहेर जाण्याआधी कुणी बोलणार नाही, आणि आत आल्या आल्याही नाही. टायर मोजून झाले, चालक हेल्मेट काढून पाणी प्यायला बसला, की मेकॅनिकजवळ जा. ‘किती पळते?’ असं विचारलंस तर तो हसून सोडून देईल. ‘तापल्यावर हवा किती ठेवता?’ असं विचार, तो वही दाखवायला लागेल. चेन्नईत हिंदी फार चालत नाही. तुमच्यात कुणी घरात तेलुगू बोलणारा असेल तर त्याला पुढे कर. साखर पेठेतल्या आमच्या पोरांच्या तेलुगूने माझी तिथे कितीतरी कामं झाली आहेत.

सगळं मिळून क्रम असा: सकाळी टायर, ब्रेक, पुढचे आर्म आणि पंखाचा कोन, प्रत्येकी एक जवळचा फोटो. गाडी ट्रॅकवर गेली की सरळीच्या शेवटी. परत आली की त्याच जागांचे त्याच कोनातून परत फोटो. मग एक प्रश्न, जमलं तर दोन. संध्याकाळी ट्रेनमध्ये बसल्यावर दोन्ही वेळचे फोटो शेजारी शेजारी ठेवून फरक वहीत लिही.

प्रवासाचं सोपं आहे. सोलापूर मुंबई–चेन्नई रेल्वेमार्गावरच आहे, ट्रेन न बदलता जाता येतं. पण ट्रॅक शहरात नाही. तो इरुंगट्टुकोट्टईला, श्रीपेरुंबुदूरजवळ बेंगळुरू महामार्गावर आहे, चेन्नईपासून सुमारे ४० किलोमीटर. मुक्काम त्याच बाजूला शोधलात तर सकाळी लवकर पोहोचाल. टोपी आणि पाणी घ्या. मेडिकलमधून फोमचे कानातले बोळेही घ्या, पिटमध्ये दिवसभर उभं राहिल्यावर रात्रभर कान वाजत राहतात. ते लावूनही इंजिनचा आवाज नीट ऐकू येतो, उलट आरपीएमचा चढ-उतार जास्त स्पष्ट कळतो.